तानसाचं बारसं

आमच्या वैशाखरे गावात सध्या एकाही नातवाचं नाव त्याच्या आजीला धड घेता येत नाही. रियांश आहे, हृधान आहे, त्विशा आहे, आणि एका घरात तर कियान-वियान अशी जुळी आहेत. आज्यांनी आपापल्या परीनं तोड काढली आहे. मुलगा असेल तर 'बाल्या' आणि मुलगी असेल तर 'बायो'. संध्याकाळी अंगणातून "बाल्याऽऽ" अशी हाक गेली, की चारी बाजूंनी रियांश धावत येतात. ज्याला भूक असेल तो थांबतो, बाकीचे परत खेळायला जातात.

त्यामुळे माझ्या भावाला, पंकजला, मुलगी झाली तेव्हा हिचंही नाव असंच मोबाइलमधून निघणार हे मी धरूनच चालले होते. पंकज माझ्याहून बराच धाकटा. मुरबाडला एका कारखान्यात सुपरवायझर आहे, त्यामुळे घरातल्या प्रत्येक गोष्टीचं तो सुपरविजन करतो. त्यानं नाव काढलं 'कियांशी'. अर्थ विचारला तर एका ठिकाणी होता 'दैवी किरण', दुसऱ्या ठिकाणी 'राजघराण्यातली' आणि तिसऱ्या ठिकाणी 'सर्व कलांत निपुण'.

"तिन्ही अर्थ चांगलेच आहेत ना ताई?" तो म्हणाला.

चांगलेच होते. एका नावात एवढं सगळं मिळत असेल तर सोडा कशाला.

पण नाव शोधणं निराळं आणि ठेवणं निराळं. ठेवायचा मान आत्याचा. आत्यानं पाळण्यात वाकायचं, बाळाच्या कानात कुर्रर्र करून नाव सांगायचं, आणि त्याच क्षणी बाकीच्या बायकांनी तिच्या पाठीत धपाधप थापा मारायच्या. एकदा हे झालं की नाव पक्कं. निदान आमच्या आईच्या राज्यात तरी पक्कं. आमची आई, धोंडीबाई, ही गावातल्या सगळ्या हळदी-बारशांचं हायकोर्ट आहे. शेजारच्या हेतलला तिच्या निकालाचा चांगलाच अनुभव आहे. हेतलनं मुलीसाठी 'मायरा' ठरवलं होतं. नणंदेनं ऐन वेळी स्वतःच्या मनातलं 'साक्षी' सांगून टाकलं. हेतल रडायला लागली, परत एकदा सांगू द्या म्हणाली. आईनं पदर खोचला आणि निकाल दिला: "कानात पडला त्या पडला. कान म्हंजे काय पाटी हाय पुसायला?"

साक्षी आता बालवाडीत जाते. हेतल आईशी गोड बोलते, पण दात दाखवून.

तर आत्या मी. मला नावं दोन आहेत. वैशाखऱ्यात मी गोजर आणि शहापूरला सासरी माधुरी. लग्नात ताटातल्या तांदळात आमच्या ह्यांनी अंगठीनं 'माधुरी' लिहिलं आणि त्या दिवसापासून गोजर बंद. सगळ्यांनी मानलं, मीही मानलं. एकट्या आईनं मानलं नाही. लग्नानंतर पहिल्यांदा ती वालाच्या शेंगांची पाटी घेऊन शहापूरला आली आणि दारातून म्हणाली, "गोजर हाय का?" माझी सासू म्हणाली, अशी कोणी इथं राहत नाही, माधुरी आहे. आई म्हणाली, "मंग मी बसतंय. माझी गोजर ह्याच घरात दिली हाय, कवातरी भायेर येलच." आणि बसली ओट्यावर, पाटी मांडीवर घेऊन. येणारे-जाणारे बघायला लागले. मी विहिरीवरून आले तेव्हा सासू दारात, आई ओट्यावर, आणि दोघींच्या मध्ये वालाच्या शेंगा. आजतागायत आईच्या तोंडून 'माधुरी' आलेलं नाही.

हीच आई पंकजच्या लग्नात काय म्हणाली? "भिमी? ह्या काय नाव हाय? आपल्या घरात नाय शोभायचा."

पंकजच्या बायकोचं नाव भिमी. तानसा तलावाच्या वरच्या अंगाला एक पाडा आहे, तिथली. पंकजनं तांदळात 'हर्षाली' लिहिलं. भिमी तिथंच ताटात राहिली, तांदूळ सारखे केल्यावर दिसेनाशी झाली.

हर्षालीला आई नाही, म्हणून पहिलं बाळंतपण सासरीच झालं. बारशाच्या आधी मी मदतीला गेले. ती बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालत होती. तेही मोजक्या पाण्यात, कारण आमच्याकडे उन्हाळ्यात टँकर येईल तेव्हाच पाणी. खालचं घंगाळातलं पाणी फेकायचं नाही, ते म्हशीला.

"वन्सं," ती म्हणाली, "एक मागू?"

मला वाटलं पाणीच मागते आहे. मी तांब्या पुढे केला.

"हिचा नाव तानसा ठेवाल?"

तांब्या माझ्या हातात तसाच राहिला.

"तानसा? धरणाचं?"

"धरन तुमचा. आमचा तलाव." ती बाळाच्या काखेतला साबण पुसत राहिली. "आमच्या पाड्यावर सकाली उठला का पयला त्योच दिसतो. हितं आली तवापासून त्याचा नाव कोनाच्या तोंडात नाय. माझा पन नाय. आय होती ती गेली. बाबा तर आता हर्षालीच बोलतान. हिला हाक मारताना तरी दिवसातून शंभरदा माहेर तोंडात येल माझ्या."

एवढं बोलून तिनं बाळ पंच्यात गुंडाळलं आणि माझ्या हातात दिलं. मी टोपरं शोधायला लागले. खरं म्हणजे मी घाबरले. सासर-माहेर दोन्हीकडे माझं बरं चाललं आहे, आणि ते बरं चालण्याचं कारण असं की मी आजवर कोणाच्या मध्ये पडलेले नाही.

आई त्या वेळी मागच्या पडवीत नाचणी पाखडत होती. समोर बसून बोललेलं तिला ऐकू येत नाही, पण भिंतीपलीकडचं येतं. तिसऱ्या प्रहरापर्यंत सगळ्या गावाला कळलं.

टँकरची वाट बघत हंडे रांगेत होते आणि हंड्यांमागे बायका. हेतलनं सुरुवात केली.

"पयली तानसा. दुसरी झाली तर भातसा. आनि मुलगा झाला म्हंजे गो?"

"मोडकसागर!" कोणीतरी मागून तिसरं धरण ओरडून सांगितलं, आणि रांग अशी हसली की दोन हंडे कलंडले. रिकामेच होते, त्यामुळे नुकसान झालं नाही.

"रोज बातम्यात नाव येल पोरीचा. 'तानसानं तळ गाठला.'"

"पाऊस पडला का 'तानसा भरून वाहू लागली.'"

"आनि मोठी झाल्याव मुंबईवालेच नेतील पायपानं."

घरी आई माझी वाटच बघत होती. "पोरी चिडवतील गो तिला. शालंत, बाजारात, म्हशाच्या जत्रंत. 'भरली का, भरली का' करतील. तू हाय बोललीस का तिला?"

"मी काहीच नाही बोलले."

"मंग तसाच ऱ्हा. आनि पोरीच्या नावाचा एवढा काय? वीस-बावीस वर्साचा काम. लगीन झाला का सासरची लोका ठेवतील त्या नाव. तवर कियांशी काय वाईट हाय?"

"तुला म्हणता येतंय का कियांशी?"

"मना कशाला म्हनाया पायजे? मी बायो बोलंन."

संध्याकाळी पंकज कामावरून आला तो माझ्यासाठी साडी घेऊन. आत्याच्या मानाची साडी बारसं झाल्यावर देतात. मला आधीच मिळाली, मतदानाच्या आदल्या दिवशी मिळते तशी. "ताई, फ्लेक्स छापायला गेलाय," तो म्हणाला. "आता नाव बदललं तर लोक काय म्हणतील?"

आणि रात्री जेवणाआधी भगीरथभाऊ आले. भगीरथभाऊ म्हणजे ग्रामपंचायतीचे माजी सदस्य आणि चालू टँकरवाले. त्यांनी खुर्ची ओढली, पाणी मागितलं, अर्धं प्यायले आणि विचारात पडले.

"हे नाव राजकीय आहे," ते मला म्हणाले.

"पोरगी बारा दिवसांची आहे भाऊ."

"पोरगी लहान आहे, पण प्रश्न मोठा आहे. आपल्या तालुक्यांचं पाणी मुंबईला जातं आणि आपण हंडे घेऊन उभे. ह्या नावानं आंदोलन होऊ शकतं. मी म्हणेन तेव्हा पेपरवाले येतील. फक्त त्यात टँकरचा विषय नको."

"मग ठेवू म्हणता?"

"ठेवा असं नाही म्हणत. फ्लेक्सवर कियांशी गेलंय ना? आणि माझा फोटो पण गेलाय." ते उरलेलं अर्धं पाणी प्यायले. "विचार करा, एवढंच."

बारशाच्या दिवशी सकाळी रस्त्याच्या वळणावर फ्लेक्स लागला. साईनाथनं बनवला होता. मुरबाडला त्याचं दुकान आहे आणि तो पंकजचा शाळेतला मित्र. 'कु. कियांशी हिच्या नामकरण सोहळ्यास हार्दिक शुभेच्छा.' कोपऱ्यात बाळ, डोळे मिटलेले म्हणून साईनाथनं त्यावर काळा गॉगल बसवलेला. मधोमध भगीरथभाऊ, हात जोडून. खाली शुभेच्छुकांच्या चेहऱ्यांची रांग, त्यात दोघे असे की ज्यांना आम्ही ओळखत नाही.

"पोरगी जरा लहान आली रे," पंकज म्हणाला.

"लहानच हाय ती," साईनाथ म्हणाला. "भाऊ मोठे हायेत."

पाहुणे यायला लागले, आणि टँकर आला नाही. आचाऱ्यानं चूल पेटवून भाताचं रिकामं भांडं वर ठेवलं होतं, ते उतरवलं. भगीरथभाऊ कडक इस्त्रीत मांडवात फिरत होते. "निघालाय, निघालाय. वाटेतच आहे." टँकर वाटेत होता हे खरं, पण वाट दुसरी होती. मुंबईच्या कोणाच्या तरी फार्महाउसवर शनिवार-रविवारची माणसं आली होती आणि त्यांच्या पोहायच्या टाकीचं पाणी बदलायचं होतं. ही बातमी साईनाथनंच आणली, कारण त्या फार्महाउसच्या पार्टीचा फ्लेक्सही त्याचाच.

आईचा चेहरा उतरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या घरची कार्यं पार पाडली, आणि आज स्वतःच्या मांडवात तांदूळ कोरडे.

तेवढ्यात हर्षालीच्या माहेरचा पिकअप आला. पुढे तिचे वडील, मंगळूकाका, बारीक, सावळे, धुवट सदरा. मागे बाळंतविडा: पाळणा, झबली, टोपरी, पिशवीत डोकं बाहेर काढलेली एक कोंबडी. आणि पाठीमागे दुधाचे कॅन, ओळीनं, झाकणाला ओलं फडकं बांधलेले.

"दूध?" आईनं विचारलं.

"पानी हाय, इहीनबाय," मंगळूकाका खाली मान घालून म्हणाले.

"इड्यात पानी? कदी आयकला नाय बाय."

"हर्षालीताय फोनवर बोलल्या, टँकरचा भरवसा नाय. आमची हीर तलावाच्या अंगाला हाय, तिला ऱ्हाता. म्हनला, कार्याला कमी नको. रागवू नका."

आईला रागवायला वेळ नव्हता. आचारी धावला, कॅन उतरले, भात चढला. 'तानसानं तळ गाठला' म्हणून ज्यांनी चेष्टा केली होती, त्या सगळ्यांनी पहिल्यांदा पेले भरून घेतले.

मी मात्र तिथंच उभी होते. 'हर्षालीताय बोलल्या.' सख्खा बाप.

"काका," मी म्हटलं, "तुम्ही तिला भिमी नाही म्हणत?"

"नाय वो." ते ओशाळल्यासारखे हसले. "नाव तुमी ठेवलाव ना आता. एकदा इसरून भिमे बोललो व्हतो, तं जावयबापूंची मान्सा बघाया लागली. तिला उगाच कमीपना नको. आमी आता घरात पन हर्षालीच बोलतो. कोंबड्यांना दाना टाकताना येकटाच आसलो, तवा येता तोंडात."

आत हर्षाली हिरव्या साडीत बसली होती. तिनं वडिलांकडे बघितलं, मग माझ्याकडे. परत विचारणारी ती नाहीच.

पाळणा बांधला, झेंडू लावला. बायकांनी बाळाला पाळण्याखालून-वरून फिरवलं, "कोणी गोविंद घ्या, कोणी गोपाळ घ्या." बाळ झोपेत होतं, त्याला गोविंद-गोपाळाशी देणंघेणं नव्हतं. मग सगळ्या माझ्याभोवती जमल्या, हात वर करून, थापा मारायला तयार. आईनं माझा कोपर धरला.

"गोजर. नीट."

मी नवी साडी नेसले होते. मानाची, आगाऊ मिळालेली. ती अंगाला टोचत होती.

"आये," मी हळूच म्हटलं, "तू तवा शहापूरला ओट्यावर बसली व्हतीस."

"त्याचा आता काय?"

"काय नाय," मी म्हटलं आणि वाकले.

पाळण्यात तिच्या टाळूला तेलाचा आणि धुरीचा वास येत होता. मी कुर्रर्र केलं आणि सांगितलं. कानात सांगायचं, पण मी जरा मोठ्यानंच सांगितलं, म्हणजे नंतर वाद नको.

थापा पडल्या. मग पहिल्या थापा मारणाऱ्यांना कळलं आपण कशावर थापा मारतो आहोत, आणि त्या थांबल्या. सगळ्यात शेवटी एक पडली ती आईची. ती थाप नव्हती, धपाटा होता. मला पुढे दोन दिवस पाठीवर झोपता आलं नाही.

पंकज पुढे आला. "ताई, काय हे? परत सांग. परत घे ते."

"परत घेता येतं का?" मी विचारलं. त्याला नाही, आईला विचारलं.

सगळ्या माना आईकडे. आई पाळण्याकडे बघत होती. तिच्या मनात काय चाललं असेल ते मला दिसत होतं: एका बाजूला म्हशाच्या जत्रेत चिडवणारी पोरं आणि दुसऱ्या बाजूला तिचं हायकोर्ट.

"आता आजी आहे घरची, ती म्हणेल ते," पंकज म्हणाला. "आई, सांग ना."

आणि मागून हेतलचा आवाज आला, साखरेत घोळलेला. "काकी, माझ्या साक्षीच्या वेळंला तुमी काय बोलल्या व्हत्या गो? मी इसरली."

अख्ख्या रांगेला आठवत होतं. ज्यांनी मोडकसागर म्हणून हसून घेतलं होतं, त्याच आता गाल आत ओढून आईच्या तोंडाकडे बघत होत्या.

"कानात पडला," आई म्हणाली, एकेक शब्द नाचणीतल्या खड्यासारखा वेचून टाकत, "त्या पडला."

हेतल बसली. इतकी सुखी मी तिला तिच्या लग्नातही बघितली नव्हती.

त्यानंतर भगीरथभाऊंचं भाषण झालं. त्यांनी कु. कियांशीला उदंड आयुष्य चिंतलं, कारण भाषण आधी लिहिलेलं होतं. पंकज जेवताना माझ्याकडे पाठ करून बसला. आई माझ्याशी बोलली नाही. माझ्या पानात वरण वाढलं ते हेतलकडून. भात मात्र मऊ झाला होता. पाणी चांगलं होतं.

जेवणं उरकली, पाहुणे पानसुपारीला टेकले. मंगळूकाका जायला निघाले, पण नातीला घ्यायचं त्यांना धाडस होईना. लांबूनच बघत होते. आईनं ते बघितलं. तिनं बाळ पाळण्यातून उचललं, आणि द्यायला म्हणून ओसरीवर आली. अंगावर नवं लुगडं, ह्या कार्यासाठी घेतलेलं. ओसरीवर भगीरथभाऊ, साईनाथ, पंकज, सगळे बसलेले. आई दोन पावलं चालली आणि जागच्या जागी थांबली. लुगड्यावरून धार खाली ओसरीवर.

"अगो भिमे!" आई ओरडली. "धाव गो! वाहाया लागली तुझी तानसा!"

ती ओरडली, आणि मग आपण काय ओरडलो ते तिला ऐकू आलं. समोर बोललेलं ऐकू न येणाऱ्या माझ्या आईला.

हर्षाली आतून धावत आली ती दारात थबकली. मंगळूकाकांनी पायात घातलेली चप्पल पुन्हा काढली. हसायचं की नाही ते कोणाला कळेना. शेवटी भगीरथभाऊंनीच कोंडी फोडली.

"किती टक्के भरली?" त्यांनी गंभीरपणे विचारलं.

मग जे हसू फुटलं त्यात पंकजही सापडला. आई हसली नाही. ओल्या लुगड्यानिशी तिनं बाळ मंगळूकाकांच्या हातात दिलं आणि म्हणाली, "घ्या. तुमच्याकडचाच पानी हाय."

काकांनी बाळाला छातीशी धरलं. त्यांचाही सदरा भिजला. "भिमे," ते हळूच म्हणाले, बाळाकडेच बघत, "तुझ्यावानीच हाय गो ही. तू पन अशीच व्हतीस." हर्षालीनं फडकं आणायला म्हणून तोंड फिरवलं आणि बराच वेळ फडकं सापडलं नाही.

आता सहा महिने झाले. फ्लेक्स आमच्याकडे वाया जात नाही. कियांशी हल्ली कोंबड्यांच्या खुराड्यावर असते, भगीरथभाऊ आतल्या बाजूला आले आहेत. कोंबड्या त्यांच्याकडे बघत अंडी देतात. पंकज मित्रांत अजून मुलीला 'टी' म्हणतो. आईनं सुनेला त्या दिवसानंतर परत हर्षाली म्हणायला सुरुवात केली, पण घाई असली, दूध उतू चाललं, म्हैस सुटली, की भिमी निघते. आणि आमच्या घरात घाई नेहमीच असते.

नातीला ती बायोच म्हणते. मात्र कोणी नवीन माणूस ओसरीवर टेकला आणि त्यानं पोरीचं नाव विचारलं, तर आई ताठ बसते आणि "तानसा" असं स्पष्ट सांगते. मग त्याच्या तोंडाकडे बघत राहते. आणि तो हसला, तर त्याला पाणी विचारत नाही.